ओल्या सुताखालून गेलेली पखाल

मी एक जुनी चामड्याची पखाल आहे, मित्रांनो. नगरच्या एका मोच्याने मला शिवलं, गनीभाईने पाणी वाहायला पाठीवर घेतलं, आणि तेव्हापासून निवांतपणा मला ठाऊक नाही.

आधी बरं होतं. रस्त्यावर पाणी शिंपायचं, लग्नाच्या मांडवात गारवा करायचा. "गनीभाई आला, ऊन पळालं," असं लोक म्हणत. मग शहर वाढत सुटलं ते सुटलंच. तेलंगणातून विणकर आले, पाथर्डीकडून दुष्काळाने हाकललेले आले, फाळणीनंतर सिंधमधून उठलेले आले. वेशीबाहेर रोज नवं खोपटं. नळ मात्र एकच, तोही घटकाभर गुरगुरायचा. रांगेतल्या बाया गायच्या,

नगर वाढलं गं बाई, भिंतीला टेके भिंत,
रित्या माझ्या घागरीची कुनाला न्हाई खंत.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात एका सकाळी नळ कोरडाच राहिला. तिसगावहून आलेली मनकर्णा कळा देत होती आणि घरात थेंब नव्हता. तिची सासू भीमाबाई धापा टाकत आली. "गनीभाई, सून अडलीय. बाळंतपनाला पानी आना वो!"

गनीभाईने मला विहिरीवर भरलं आणि विणकर गल्लीची जवळची वाट धरली. माझी शिवण उसवली होती. पावलागणिक पाणी गळत होतं. गल्लीच्या तोंडाशी तो थबकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत खळ लावलेलं ओलं सूत ताणलेलं, आणि माणसं त्यावर भराभर कुंचे फिरवत होती. ते काम मध्येच थांबलं की खळ वाळून धागे चिकटतात आणि सूत तुटतं.

"आज तुमची अमावस्या ना? माग बंद असतील म्हणून आलो!"

"अमावस्या काल झाली, मामू," मल्लय्या विणकर हसला. "धुळीत तुमची चंद्रकोर हरवली वाटतं!"

"अरे, चंद्र राहू दे. बाई अडलीय!"

हसणं थांबलं. वळसा घालावा, तर मी वाटेतच रिती होणार. मल्लय्याने सुताकडे पाहिलं. घरची पुढची भाकरी त्यातच होती. मग तो ओरडला, "उचला रे! डोक्यावर धरा!"

त्या पांढऱ्या मांडवाखालून गनीभाई वाकून पळाला. माझ्यातून पाणी गळे, वरून खळ ठिबके, आणि धागे तटतट तुटत होते.

"मागं बघू नका, मामू!" मल्लय्याचा आवाज आला.

दारात भीमाबाई घुटमळली. "हे न्हाणीला ठेवते. चामड्यातलं आमच्यात पीत न्हाईत. पिन्याचं दुसरं बघते."

आतून मनकर्णा कण्हतच ओरडली, "आत्याबाई, दुसरं येईस्तवर मी जाईन! द्या हिकडं!"

भीमाबाईने स्वतः तांब्या तिच्या ओठाला लावला. थोड्या वेळाने आत मुलगी जन्मली, रडली. गनीभाई बाहेर मातीतच बसला होता. त्याने खळीने माखलेल्या बाहीने डोळे पुसले.

तुटलेल्या सुताचं कळल्यावर दिवस मावळेपर्यंत भीमाबाई विणकर गल्लीत होती. मल्लय्याच्या बायकोशेजारी बसून तुटलेली टोकं हुडकून देत होती. गाठी मारणं तिला येत नव्हतं.

आता वस्तीत आणखी नळ आलेत आणि मी खुंटीला वाळत टांगलेली आहे. चामड्याला तेल नाही, तडे गेलेत. त्याचं फारसं दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्या वस्तीत कुणी नवं आलं, तर आधी पाणी द्या. गाव-जात मागाहून विचारा. नवी भिंत बांधाल, तेव्हा पलीकडच्या घागरीला वाट ठेवा. वेशीबाहेर अजून खोपटी उठताहेत, आणि खुंटीवरून मी रोज विचारते: आज कुणाच्या घरी पाणी पोचलं नसेल?