वर चढणारे घोस

चिझुरुने थडग्याच्या माथ्यावर पाणी ओतलं आणि काथ्याच्या ब्रशने शेवाळ घासायला घेतलं. शेवाळ भलतंच चिवट. निघता निघता त्याखालून एक वर्तुळ वर आलं आणि वर्तुळात फुजीच्या वेलीचे दोन फुलघोस. खाली लोंबणारे. तिला हवे होते ते हे नव्हेत.

मागे शिगेनो आजी बादली धरून उभी होती. कुवाहारा घराण्यात आता तीच एकटी उरलेली.

"झालं समाधान? नसेल तर शेजारचे दगडही घास. माझे फुकटात साफ होतील."

चिझुरुने खरंच घासले. सगळ्यांवर तेच कुलचिन्ह, सगळे घोस खालीच वळलेले. तिने ओल्या दगडावर बोटाने वर्तुळ काढलं, त्यात दोन घोस काढले, वर चढणारे.

"बाबा जेवताना सांडलेल्या चहात हेच काढायचे. जन्मभर."

"मग ते घराणं दुसरं. आमचे घोस लोंबतात, पोरी. शहरातून येतात माणसं आपली चिन्हं शोधत, प्रत्येकाला पूर्वज सरदारच हवा असतो. आमच्यात नुसते मुळे पिकवणारे निघाले."

"मला सरदार नकोय, आजी. बाबांना त्यांच्या आईशेजारी जागा हवी होती. तेवढंच मागून गेले."

आजीने बादली उचलली. तिचाही धाकटा भाऊ लहानपणी ओसाकाला दत्तक दिला होता, हे तिने सकाळीच सांगितलं होतं. पण युद्धाच्या त्या उपाशी वर्षांत या खोऱ्यातल्या कितीतरी घरांनी पोरं अशीच दिली. चिझुरुच्या वडिलांचं नाव दत्तक आईबापांनी बदललं, कागदपत्रं बॉम्बहल्ल्यात जळाली. त्यांच्याजवळ उरलं ते या खोऱ्याचं नाव आणि हे चिन्ह. अस्थी अजून घरात पांढऱ्या कापडात बांधून ठेवलेल्या. आणि नुसत्या दयेपोटी कुणाच्याही अस्थी आजीने आपल्या आईशेजारी ठेवायच्या म्हणजे काय? आजीचं तरी काय चुकत होतं!

घरी परतल्यावर आजीने चहा आणि खारवलेला मुळा पुढे ठेवला. चिझुरुचा जीव आता परतीच्या बसकडे लागला होता. तिने पिशवी जवळ ओढली.

"पण तुझ्या बापाने ते चिन्ह पाहिलं कुठे?" आजीने आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

चिझुरु ओशाळली. "हसू नका हं. स्वप्नात. ओसाकाला नवीन नवीन गेले होते तेव्हा. एक अंधारी खोली, समोर काहीतरी लांब, काळ्या कापडाखाली झाकलेलं. आणि त्या काळ्यावर पांढरे घोस, वर चढणारे."

आजीचा पेला ओठांपाशीच थांबला.

"तो बसला कुठे होता?"

"दारापाशी म्हणायचे."

आजीने पेला खाली ठेवला. हात नीट मांडीवर घेतले. बाहेर ओढ्याचा आवाज अचानक मोठा वाटू लागला.

"मेलेल्या माणसावर त्याचा किमोनो कसा पांघरतात, ठाऊक आहे ना तुला?"

"उलटा. गळा पायांकडे—"

"आईवर तिचा काळा किमोनो असाच पांघरला होता. तिचं डोकं आतल्या बाजूला, पाय दाराकडे. दारापाशी बसणाऱ्याला घोस वर चढतानाच दिसणार."

"म्हणजे बाबा तिथे होते?"

"नव्हता. आई जायच्या आधीच त्याला आगगाडीत बसवून दिलं होतं." आजी दाराकडे बघत होती. "खोलीत मी एकटी. मोठी माणसं लाकडं आणायला गेलेली. मान वर केली तर हा दारापाशी. गुडघे जुळवून बसलेला, शहाण्यासारखा. मोठ्यांना सांगितलं तर त्यांनी माझ्यावर मीठ उधळलं, म्हणाले, भास झाला, तोंड उघडू नकोस. नाहीच उघडलं कधी."

चिझुरुने जवळ ओढलेली पिशवी परत बाजूला सारली.

मग आजीने अगदी हळू विचारलं, "स्वप्नात आणखी कुणी होतं का? एखादी मुलगी वगैरे? काही सांगायचा तो?"

सांगायचे. बाबा दर वेळी सांगायचे. एक मुलगी मोठे डोळे करून हाताने हाकलत होती, जा, जा म्हणत होती, म्हणून मी उठून गेलो. पुढे जन्मभर तो माणूस लोकांच्या उंबऱ्याशी ताटकळत राहिला. तीनतीनदा या म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचा नाही. चिझुरुची आई तर वैतागून म्हणायची, नवरदेवाचा रुसवा तरी एका दिवसाचा असतो!

चिझुरुने मान खाली घातली. पेल्यात चहाची पानं तळाला बसली होती.

"नाही, आजी. एवढंच सांगायचे."

आजी तिच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिचे डोळे भरले, आणि ती चक्क हसली.

"खोटं बोलताना तोही असाच वाडग्यात तोंड घालायचा."

चिझुरुला वर बघवेना.

"घेऊन ये त्याला," आजी म्हणाली. "आणि आलीस की एकदम आत शिरू नकोस. त्याला घेऊन दारातच थांब. मी उठून येते आणि ये म्हणते."