उलट्या आट्याची जीप

सुईणबाईने लष्कराच्या लिलावातून जुनी जीप आणली, तेव्हा थोरली जाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लोक गाडीत बसून येतात. आमची बाई गाडीला दोर बांधून आली!"

सुईणबाई हसली. टेकडीवरच्या वस्तीला तीन तासांची पायी चढण. रुग्णवाहिका पायथ्याशीच हात टेकायची. गेल्या वर्षी सुईणबाई पायीच धापा टाकत पोहोचली, तेव्हा घरात रडणं होतं, पण बाळाचं नव्हतं. ते तिच्या कानातून जाईना. आता तिथल्या गवंड्याच्या सुनेला तिसरा महिना लागला होता. "या खेपेला चाकांवर येते," असा शब्द ती देऊन बसली होती.

सहा महिने ती आणि गावातला गॅरेजवाला मेस्त्री जीपपाशी राबले. गंज उतरला, इंजिन बोलतं झालं, फाटक्या टपाला तिने स्वतः टाके घातले. टाके घालणं काही तिच्या हाताला नवं नव्हतं. राहिले ते डाव्या चाकांचे ब्रेक. उजवी चाकं गुणी लेकरासारखी निघाली होती. डाव्यांचे नट मात्र हटून बसले. मेस्त्रीने तेल पाजलं, हातोडी मारली, पान्याला पाइप अडकवून तो दोन दिवस लोंबकळला. एक बोल्ट मोडलाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवरून फोन आला: कळा सुरू झाल्या.

"नट गॅसने कापतो, ताई."

"मग चाक बसवणार कशावर?"

मेस्त्रीने गॅसची नळी खाली ठेवली.

"पहिलटकरीण आहे, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. द्या तो पाना."

सुईणबाई डावखुरी. लहानपणापासून सगळं उलटं. बरणी उघडायला गेली, की झाकण आणखी घट्ट करून ठेवायची. तिने डाव्या हाताने पाना धरला आणि सवयीने भलतीकडेच जोर लावला.

"अहो ताई, आवळताय!" मेस्त्री ओरडला.

तोच नट किंचाळला. आणि फिरला.

मेस्त्रीने बोल्टचं टोक फडक्याने पुसलं. गंजाखालून एक अक्षर वर आलं: एल, म्हणजे लेफ्ट. डाव्या चाकांना उलटा आटा!

"म्हणजे दोन दिवस तुम्ही..."

"आवळतच होतो," मेस्त्रीने कपाळावर हात मारला.

दुपारी ब्रेक धरू लागले. मेस्त्री स्टिअरिंगवर बसला, सुईणबाई शेजारी. जाऊ न बोलावता मागे चढून बसली, मांडीवर पाण्याचा कॅन. चढण आली. जीप गुरगुरली, दगडावर उचलली, घसरली, पुन्हा चढली. जाऊ एका हाताने दांडी धरून गात सुटली:

*उलटी माझी जाऊ, उलटा तिचा आटा,*
*उभ्या डोंगराला बाई, सरळ झाल्या वाटा.*

गवंड्याच्या अंगणात जीप थांबली. जाऊ सुईणबाईच्या हातांवर पाणी ओतू लागली. कोपरापासून काळे ओघळ निघाले.

"अगं बाई, केवढा हा मळ!"

"डाव्या हातचा!" म्हणत सुईणबाई स्वच्छ हातांनी आत गेली.

उन्हं कलली नव्हती तोच आतून रडण्याचा आवाज आला. कोवळा, खणखणीत. बाहेर मेस्त्रीने हॉर्नवर हात ठेवला, तो काढलाच नाही.