भट्टीतली ती जागा

"हे स्टूल आहे की उंटाची पाठ? एक मांडी इकडे, एक तिकडे!"

नवी ड्रमर स्वतःशीच पुटपुटली होती, पण छोटी तिच्यापासून हातभर अंतरावर बास गिटार लावत उभी होती, तिला ते ऐकू गेलंच. एरवी ती खो खो हसली असती. आज तिने दात आवळले. त्या स्टूलवरचा खळगा तिच्या दादाने पाडला होता. पाव शतक बसून बसून पाडला होता. आणि आता पोहायला शिकवणारी एक बाई त्यात बसून कुरकुरत होती.

बाई वाईट असती तर किती सोपं झालं असतं! पण ती चांगली होती. सगळे तिला कोच म्हणायचे. वेळेवर यायची, वाजवायचीही झकास, आणि छोटीला "ताई, तुम्ही पाणी प्यायलात का?" असं विचारायची. अशा माणसावर रागवायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटण्यासारखं. लागतं ते आपल्यालाच.

छोटीची पन्नाशी उलटली होती, तरी ती छोटीच होती. दिवसभर दातांच्या कवळ्या बनवायची आणि संध्याकाळी फरशांच्या गोदामावरच्या या खोलीत बास वाजवायची. खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, तरी खालचा फरशीवाला अधूनमधून काठीने छताला ढोसायचा. तरुणपणी याच खोलीत त्या चौघांनी 'भट्टी' हा अल्बम बसवला होता. दादा ड्रमवर, छोटी बासवर, लीड गिटारवर मालक आणि गायला बुलबुल. मालक हे टोपणनाव त्याच्या स्वभावावरून पडलं होतं, आणि बुलबुल हे थट्टेने, कारण त्याचा आवाज लोखंडी कपाट फरशीवरून ओढल्यासारखा होता. 'भट्टी'वर पोरं अजून जीव टाकायची. आता तो अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत पुन्हा स्टेजवर वाजणार होता, आणि नव्याने रेकॉर्डही होणार होता. दादाशिवाय.

दादाचे कान गेले होते. दिवसा पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यात आणि संध्याकाळी ड्रमवर, दोन्हीकडून त्यांची वाट लागली होती. हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. पण दादापुढे तिघांच्याही तोंडाला कुलूप. "रेकॉर्ड कंपनीला जरा वेगळा साउंड हवाय, मनाला लावून घेऊ नकोस," एवढा निरोप मालकाने फोनवर लिहून पाठवला आणि हात झटकले. दादाने ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून तो सख्ख्या बहिणीशीही बोलत नव्हता.

आणि आज तो येणार होता. मालकानेच बोलावलं होतं.

"कशाला बोलावलंस?" छोटीने विचारलं.

"अगं, त्यालाही बरं वाटेल. कोचला दोन गोष्टी सांगेल. मोठेपणा दिला की माणूस निवळतो."

"मोठेपणा? त्याच्या जागी दुसरीला बसवून?"

"तूच सांग मग त्याला खरं काय ते. तुझा भाऊ आहे."

"निरोप पाठवताना नव्हता का माझा भाऊ?"

"झालं का तुमचं?" बुलबुल माइकमागून म्हणाला. "माझा घसा तापलाय, तेवढ्यात 'भट्टी' घेऊ."

'भट्टी' या गाण्यात मधेच एक जागा होती. सगळी वाद्यं धाडकन थांबायची आणि बुलबुल एकटाच एक ओळ ओढायचा. आज लांब, उद्या आखूड, त्याच्या दमावर. ती ओळ संपते तिथे नेमका ड्रम कोसळला पाहिजे, आणि त्याच्यामागून बाकीचे. लोक त्या जागेसाठीच तिकीट काढायचे.

कोच तिथेच चुकत होती. आजही चुकली. बुलबुलची ओळ शेपटाशी असतानाच तिचा ड्रम कोसळला.

"लवकर येतेस!" मालक ओरडला. "दर वेळी! ऐकायला येत नाही का तुला?"

ते शब्द तोंडातून गेले आणि मालक स्वतःच चपापला. बुलबुल माइकची वायर उगाच सरळ करू लागला.

कोचने काठ्या मांडीवर ठेवल्या. "मला चांगलं ऐकू येतं. पण या ताई खांदा पाडतात ना, त्याने मी फसते. खूण करता तर नीट वेळेवर करा, नाहीतर करूच नका!"

"कसला खांदा?" मालकाने विचारलं.

छोटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आग मालकावर, बुलबुलवर, कोचवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या उजव्या खांद्यावर. कारण कोच खोटं बोलत नव्हती.

बाकीचं गाणं दादा पायांनी ऐकायचा. बास आणि गिटार पायाखालच्या फळ्यांमधून त्याच्या तळव्यांत चढायचे. पण बुलबुलचा एकटा आवाज फळ्यांत उतरत नसे, आणि बुलबुल लोकांकडे तोंड करून, दादाकडे पाठ करून गायचा. मग त्या जागेवर छोटी ड्रमजवळ सरकायची आणि ओळ संपायच्या किंचित आधी खांदा पाडायची. किंचित आधी, कारण दादाने बघून हात उचलेपर्यंत तेवढा वेळ जायचा. हे दोघांनी कधी ठरवलं नव्हतं. एकदा जमलं, मग जमतच गेलं. दादाला वाटायचं, बहीण रंगात येते. की त्यालाही माहीत होतं? छोटीने कधी विचारलं नाही. आता ड्रमवर दुसरी बसली, तरी त्या जागेवर खांदा आपोआप पडत होता.

"सवय आहे," ती म्हणाली. "सोडते."

तेवढ्यात दार उघडलं आणि दादा आत आला. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, जणू लग्नाला निघालाय. कोणाकडे न बघता तो सरळ ड्रमपाशी गेला.

"या या, प्रमुख पाहुणे!" मालक जोरात म्हणाला.

दादाचे डोळे त्याच्या ओठांवर होते. "पाहुणा तुझा बाप. वेगळा साउंड हवा होता ना? ऐकव की मला तुझा वेगळा साउंड."

"अरे, तसं नाही. तूच 'भट्टी'ची ती जागा हिला दाखव. तुझ्यासारखी कुणाला जमते?"

कोच उठली. दादा बसला आणि खळग्यात बरोबर मावला. तरी छोटीचा राग उतरला नाही. लोणी लावायला हा मालक सगळ्यात पुढे! आणि दादा? महिनोन्‌महिने तोंड फुगवून बसला, बहिणीच्या एकाही निरोपाला उत्तर दिलं नाही, ती दारात गेली तर वहिनीला "घरी नाहीत" सांगायला लावलं, आणि कान दाखवायला मात्र कुठे गेला नाही.

गाणं सुरू झालं. खोली हादरली. दादा वाजवत होता आणि क्षणभर सगळं जुनं जागच्या जागी होतं, खालच्या फरशीवाल्याच्या काठीसकट. मग ती जागा आली. सगळे धाडकन थांबले. बुलबुलने भिंतीकडे तोंड करून ओळ ओढली.

दादाने छोटीकडे पाहिलं.

एक खांदा पाडला की झालं. सगळे टाळ्या वाजवतील, दादा छाती काढून घरी जाईल, आणि उद्या पुन्हा तेच खोटं, पुन्हा तोच अबोला. छोटीने दोन्ही खांदे घट्ट धरून ठेवले. 

ओळ संपली. खोली वाट बघत राहिली. दादा तिच्याकडे बघतच राहिला, काठ्या वर धरून. मग बुलबुल मागे वळला, त्याचं मिटलेलं तोंड दादाला दिसलं, आणि ड्रम कोसळला. उशिरा, एकटा, कोणीच सोबत नसलेला.

"वा!" मालक म्हणाला. "सराव सुटलाय, एवढंच."

"माझीच ओळ लांबली," बुलबुल म्हणाला.

"या स्टूलवर माझंही असंच होतं," असं कोचसुद्धा म्हणाली, बिचारी.

"तू खांदा का नाही पाडलास?" दादाने विचारलं. फक्त छोटीला.

म्हणजे त्याला माहीत होतं. इतकी वर्षं.

"स्पीकर धड नाहीये रे," मालक मधेच म्हणाला. "त्यात काय एवढं..."

"गप्प बस!" छोटी किंचाळली. "स्पीकर ठणठणीत आहे! तू गप्प, बुलबुल गप्प, मीही गप्प! गप्प बसून बसून आपण त्याला एकटं पाडलं!"

तिने गिटार गळ्यातून काढून भिंतीच्या गादीवर आदळली. ड्रमला वळसा घालून ती दादाच्या समोर आली आणि गुडघ्यांवर बसली, त्याला तिचं तोंड नीट दिसेल अशी. तो नजर फिरवू लागला, तेव्हा तिने त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. आता ती ओरडली नाही. ओरडून उपयोग नव्हताच. एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"दादा, तुला ऐकू येत नाही."