झेनॉनच्या गाडीची जागा

"आई, इकडे ही घरपट्टी बघ आणि तिकडे तुझी नाचायची हौस बघ. काय परवडतं ते तूच ठरव!" रोमनने फोन हालिनाच्या नाकासमोर धरला.

हालिना माझी थोरली बहीण. बिस्किटांच्या कारखान्यात तिने उभ्याने आयुष्य काढलं आणि नवरा, बोलेक, गेल्यावर शिकागोतलं हे घर एकटीने राखलं. ती खाली राहते, मी वर. रोमन तिचा एकुलता एक मुलगा. त्याने आईसाठी गावांचा तक्ताच केला होता. घरपट्टी किती, दवाखाना किती लांब, बर्फ किती पडतो. तळाला 'रात्रीची करमणूक' असाही एक रकाना होता. इंडियानातलं जे गाव त्याच्या मनात भरलं होतं, त्याला तिथे पाचपैकी एक गुण होता.

"हा एक तरी कशाचा?" मी विचारलं.

"तिथला पेट्रोल पंप रात्रभर उघडा असतो, मावशी."

"मग काय, पंपाभोवती फेर धरायचा तिने?"

"अगं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी कसली आलीय रात्रीची करमणूक!"

माझं डोकंच फिरलं. दर शनिवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या व्लाडेकच्या बारमध्ये झेनॉन अकॉर्डियन वाजवतो आणि हालिना पोल्का नाचते. बोलेक गेल्यावर वर्षभर ती पलंगावरून हलत नव्हती. तिला उठवलं ते त्या अकॉर्डियनने. मुलाने नव्हे, डॉक्टरने तर मुळीच नव्हे. आठवडाभर गुडघे धरून बसणारी बाई शनिवारी गुडघे विसरते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आणि घरपट्टी वाढवली कोणी? आम्ही? आमच्या गल्लीत चकचकीत बार निघाले, तरुण पोरं लांबून लांबून यायला लागली, वस्तीला भाव आला. घर तेच, गळकी मोरी तीच, पण म्हणे किंमत वाढली! करमणूक त्यांची आणि घरपट्टी आमची. वर हालिनाने नाचायचं म्हटलं की तिचं वय काढायचं. याला न्याय म्हणायचा का?

हालिना शेगडीवरचं बीटचं सूप ढवळत राहिली. मग एवढंच म्हणाली, "शनिवार आहे तोवर मी इथेच."

त्याच आठवड्यात जोराचा बर्फ पडला. अशा वेळी आमच्याकडे एक रीत आहे. रस्त्याकडेचा बर्फ उपसून गाडीपुरती जागा ज्याने मोकळी केली, बर्फ वितळेपर्यंत ती जागा त्याची. खूण म्हणून तिथे घरातली एक खुर्ची ठेवायची. कायद्यात असलं काही नाही, पण दुसऱ्याची खुर्ची हलवणारा आमच्या गल्लीत जन्माला आला नव्हता.

हालिनाकडे गाडी नाही. ती फावडं मारते ते झेनॉनसाठी. तो लांबून येतो, खुब्याचं ऑपरेशन झालंय, खांद्यावर ते अवजड अकॉर्डियन. बारजवळ, आमच्या दारात गाडी लावता आली तरच त्याला येणं जमतं. शनिवारी सकाळीच तिने जागा मोकळी केली आणि स्वयंपाकघरातली बोलेकची लाल खुर्ची मधोमध मांडली.

संध्याकाळी आम्ही नटून बाहेर आलो, तर खुर्ची बर्फाच्या ढिगावर पालथी पडलेली, पाय मोडलेला, आणि तिच्या जागी कुणाची तरी नवीकोरी गाडी. मालक समोरच्या बारच्या रांगेत उभा होता.

"आजी, रस्ता सरकारी आहे," तो हसत म्हणाला. "खुर्च्या कसल्या पार्क करता?"

"आणि फावडं मारायला सरकार आलं होतं का रे, मेल्या?" मी ओरडले. रांगेतली पोरं खिदळली. एकीने तर फोन काढून माझं चित्रीकरण सुरू केलं.

झेनॉनची गाडी गल्लीला चकरा मारत होती. शेवटी त्याने काच खाली केली. "हालिना, पुढच्या शनिवारी बघू!" असं म्हणाला आणि निघून गेला. हालिना नाचायचे बूट घालून फुटपाथवर उभी होती.

पुढच्या शनिवारी तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. मग व्लाडेकने गाणी वाजवणारं यंत्र आणून बसवलं. हालिनाने रोमनला बोलावून घेतलं. "दाखव तुझं ते गाव. नाच गेलाच आहे, तर निदान घरपट्टी तरी कमी भरते."

रोमन खूश झाला. मला मात्र त्याच्या तोंडाकडे बघवेना.

पुढच्या हिवाळ्यात, एका शनिवारी, तो मला इंडियानात तिच्याकडे घेऊन गेला. घर छान आहे, खोटं कशाला बोलू? अंगणात दोन गाड्या मावतात. रस्ता एवढा रुंद आणि सुनसान, की सबंध लग्नाचं वऱ्हाड गाड्या लावून जाईल. त्या रस्त्यावर, तिच्या दारासमोर, गाडीपुरता चौकोन उपसून लख्ख केलेला होता आणि मधोमध लाल खुर्ची होती. मोडका पाय दोरीने बांधलेला.

"आई, हे काय?" रोमन ओशाळून इकडेतिकडे बघायला लागला. "इथे हवी तिथे गाडी लागते! लोक हसतील."

हालिना दारात उभी होती. लिपस्टिक लावलेली, पायात नाचायचे बूट. "झेनॉन म्हणालाय, रस्ते साफ असले तर येईन."

"एवढ्या लांब? या बर्फात? तो नाही यायचा, आई." रोमन खुर्ची उचलायला वाकला.

"खबरदार हात लावशील तर!" मी म्हटलं. "बर्फ वितळेपर्यंत ती जागा तिची आहे." आणि जाऊन सरळ त्या खुर्चीत बसले.

हालिना आत गेली, स्वयंपाकघरातली दुसरी खुर्ची घेऊन आली आणि माझ्या शेजारी मांडून बसली.