मधल्या भिंतीतला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे, बागेचा. दोन सख्ख्या भावांच्या घरांमागे दोन बागा आहेत, त्यांच्यामध्ये एक उंच भिंत आहे आणि त्या भिंतीत मी आहे. घराच्या दरवाजाचा थाट मला कुठून असणार? मला घंटी नाही, पाटी नाही, कुलूपही नाही. एक कडी तेवढी आहे, तीसुद्धा एकाच बाजूला, थोरल्या भावाच्या बागेकडे.

माझा जन्म मोडक्या पलंगातून झाला. दोघे भाऊ लहानपणी ज्यावर उड्या मारत तो पलंग एकदाचा मोडला, आणि त्याच्या फळ्या जळणात जायच्या बेतात होत्या. तेवढ्यात सुतार म्हणाला, "लाकूड चांगलं आहे हो, जाळताय काय?" त्या एका वाक्यावर मी वाचलो. पुढे रंगाचा प्रश्न निघाला तेव्हा दोघी जावांचं एकमत होईना. शेवटी थोरलीने आपल्या बाजूने मला हिरवा रंग दिला आणि धाकटीने आपल्या बाजूने निळा. मी काही तक्रार केली नाही. दोन्ही रंग मला बरे दिसतात.

ते दिवस फार धामधुमीचे होते. सकाळपासून माझी उघडझाप सुरू व्हायची. इकडून पुदिन्याच्या काड्या जायच्या, तिकडून टोमॅटोची रोपं यायची. झारी कोणाची आणि खुरपं कोणाचं, हे दोन्ही घरांत कोणालाच नक्की सांगता येत नसे. मुलं माझ्यावर उभी राहून झोके घ्यायची. "उतरा खाली, बिजागऱ्या निखळतील!" असं थोरली ओरडायची. धाकटी म्हणायची, "ताई, हा दरवाजा नसता तर मला दिवसातून दहादा गल्लीतून वळसा पडला असता." असं कौतुक ऐकलं की मी जरा जास्तच करकरत असे.

थोरलीच्या बागेत फिकट पिवळ्या गुलाबाचं एक झाड होतं. तिच्या आईने दिलेली फांदी लावून तिने ते वाढवलं होतं. आई गेल्यावर तर तिचा सगळा जीव त्या झाडात होता. एकदा ती काही दिवस बहिणीकडे गेली आणि बाग धाकटीवर सोपवून गेली. धाकटीला नुसतं पाणी घालून चैन पडेना. गुलाब फार पसरलाय, जरा छाटला तर जोमाने फुटेल, असं तिच्या मनाने घेतलं. हेतू चांगला होता, कात्रीही चांगली होती, वेळ मात्र चुकली. भर उन्हाळ्यात तिने झाड पार बोडकं केलं आणि ते वाळून गेलं.

थोरली परत आली. झाडाची एक वाळकी फांदी तिने बोटांत धरली, ती काडकन मोडली.

"मला न विचारता हात लावलासच कसा?"

"ताई, मला वाटलं..."

"तुला वाटलं! माझ्या आईची तेवढीच खूण होती. आता या बागेत पाऊल टाकू नकोस."

धाकटी मान खाली घालून माझ्यातून बाहेर पडली. मागून थोरलीने मला लोटलं आणि कडी लावली.

मित्रांनो, यापुढची गोष्ट मला बरीच वर्षं एकट्यालाच पोटात ठेवावी लागली. छाटलेल्या फांद्यांपैकी काही धाकटीने आपल्या बाजूला, माझ्या पायाशीच, ओल्या मातीत खोचल्या होत्या. त्यातली एक जगली. तिला कोवळं पान फुटलं त्या दिवशी धाकटी माझ्यासमोर आली, ठोठावायला हात उचलला आणि खाली घेतला. "आता दाखवायला गेले तर म्हणतील, झाड मारलं ते मारलं, वर चोरलंही," असं ती नवऱ्याला म्हणाली. नवऱ्याने "हं" केलं. त्याला गुलाब आणि कोबी यांतला फरक फूल आल्यावरही कळत नसे.

मग वर्षं गेली. भाऊ गल्लीत भेटायचे, बोलायचे. जावा लग्नकार्यात एकाच फोटोत दोन टोकांना उभ्या राहायच्या. मुलं मोठी होऊन परगावी गेली. माझा हिरवा रंग वेलाखाली झाकला गेला, निळा पोपडे होऊन गळाला. गुलाब भिंतीवर डोकं काढू लागला की धाकटी तो छाटायची, आता योग्य वेळी. पण वास कसा छाटणार? तो माझ्या फटींतून पलीकडे जायचा. थोरली झारी हातात धरून माझ्याजवळ थबकायची, वास घ्यायची आणि निघून जायची. त्या वेळी मला जीभ हवी होती. होत्या फक्त बिजागऱ्या, त्याही गंजलेल्या.

यंदा थोरल्या भावाने गवंड्याला बोलावून मला दाखवलं. "उघडत तर नाही. विटा लावून भिंत सलग करून टाक." गवंडी म्हणाला, "तुमची ती बागफेरी होऊन जाऊ दे, दुसऱ्या दिवशी येतो." थोरली शेजारीच उभी होती. ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. मला फार वाईट वाटलं.

बागफेरी वस्तीत पहिल्यांदाच होत होती. ज्यांना हौस आहे त्यांनी आपली बाग दिवसभर खुली ठेवायची आणि लोकांनी हातात नकाशा घेऊन आपलं आपण फिरायचं. पुढे चालून माहिती सांगणारा कोणी नाही. नियम दोनच होते. झाडांना हात लावायचा नाही, आणि दार होतं तसं ठेवायचं.

नकाशा काढला होता एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी. पूर्वी ते दोन्ही घरांतल्या मुलांना शिकवायला यायचे आणि इकडून तिकडे माझ्यातूनच जायचे. त्यांनी गल्लीत चक्कर न मारता घरी बसून, आठवणीने नकाशा काढला. त्यांच्या आठवणीत मी उघडाच होतो. म्हणून थोरलीच्या बागेतून धाकटीच्या बागेत जाणारा बाण त्यांनी सरळ माझ्यातून काढला.

बागफेरीच्या दिवशी सकाळपासून थोरली आपल्या बागेत खुर्चीत बसून एकच वाक्य म्हणत होती, "ते दार बंद आहे, बाहेरून वळसा घ्या." सांगून सांगून तिचा घसा बसला. ती पाणी प्यायला आत गेली आणि नेमके तेव्हाच एक निवृत्त बसचालक बायकोसह आले. "नकाशात रस्ता आहे म्हणजे रस्ता आहे," असं म्हणून त्यांनी वेल बाजूला सारला, कडी काढली आणि मला खांद्याने ढकलायला लागले. अहो, ओढा, ओढा! मी इकडे उघडतो! पण ऐकतो कोण? शेवटी त्यांची बायको म्हणाली, "जरा ओढून तर बघा." त्यांनी ओढलं. मी असा किंचाळलो की दोन्ही बागांतले लोक वळून बघू लागले.

मग काय, माणसांची रीघ लागली. थोरली धावत बाहेर आली. "अहो, तिकडून नका जाऊ!" असं म्हणत लोकांना अडवायला ती मागोमाग आली आणि नेमकी माझ्या उंबऱ्यावर थांबली. तिच्यासमोर फिकट पिवळी फुलं होती.

धाकटीने तिला पाहिलं नव्हतं. बसचालकांच्या बायकोने तिला विचारलं, "हा गुलाब फार सुंदर आहे हो. तुमचा?"

"नाही," धाकटी म्हणाली. "माझ्या जावेचा आहे. मी फक्त सांभाळते."

कोणीतरी खोकलं. धाकटीने मागे वळून पाहिलं आणि तिच्या हातातली झारी कलंडली.

थोरली उंबरा ओलांडून आली. वाकून तिने एका फुलाचा वास घेतला. तिचे डोळे भरले होते. "बागेत पाऊल टाकू नकोस म्हणाले आणि तू खरंच टाकलं नाहीस," ती म्हणाली. "इतकं कशाला ऐकायचं गं माझं?"

 धाकटीने थोरलीचा हात धरला तो सोडलाच नाही.

बसचालक मात्र नियमाचे पक्के. परत जाताना माझ्यापाशी थबकून ते म्हणाले, "दार होतं तसं ठेवायचं आहे. हे लावून घेऊ ना?"

"राहू दे उघडं," थोरली म्हणाली. "होतं तसंच आहे ते."

दुसऱ्या दिवशी गवंडी विटा घेऊन आला. थोरलीने त्याला चहा पाजला आणि विटांसकट परत पाठवलं. मग तिने आपल्या बाजूने आणि धाकटीने आपल्या बाजूने माझ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. रंगावरून दोघींचं अजून एकमत झालेलं नाही.

मित्रांनो, मी तसा अडाणी लाकडी दरवाजा. पण एक विनंती करतो. तुमच्याही घराच्या एखाद्या दाराची कडी रागाच्या भरात लावली गेली असेल, तर आजच जाऊन ती काढून बघा. आणि ढकलून उघडलं नाही, तर ओढून बघा.