गाडी चावीला वळखंना

“हॉर्न वाजतोय, लाइट लागतोय, मग चालू का हुईना?” माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, स्टिअरिंगवर थाप मारली.

माझ्या शिवतेजचं जावळ काढायला आम्ही म्हसवडला निघालो होतो. डिकीत नारळ आणि नैवेद्याचा डबा होता, सासूबाई मागच्या सीटवर बसल्याही होत्या. बाळाला कडेवर घेऊन मी पायरीवर उभी. धोंडिरामकाका परवाच बॅटरीची टर्मिनलं बदलून गेले होते. म्हणून फोन त्यांना गेला, आणि दोषही त्यांच्यावरच आला.

तासगाव रस्त्याला त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, एकतीस वर्षांचं. धोंडिरामच्या हातची गाडी माघारी येत नाही, असं गावात म्हणतात. ते स्वतः कधी म्हणत नाहीत. पण त्या दिवशी ते ताटावरून उठून आले, ते त्याच बोलण्यापायी.

आधी त्यांनी काहीच उघडलं नाही. आबांना दिवे लावून चावी फिरवायला सांगितलं आणि स्वतः समोर उभे राहून दिव्यांकडे बघत राहिले. दिवे जराही मंद झाले नाहीत. म्हणजे बॅटरी धडधाकट आहे, पण स्टार्टरकडे करंटच जात नाही, असं ते स्वतःशी बोलल्यासारखं बोलले. मग टर्मिनलं हलवून पाहिली. घट्ट होती. स्टार्टरला करंट सोडणारा रिले बदलला. गाडीखाली शिरून टेस्टर लावला. अर्धा तास गेला.

आबा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. वाट बघणं त्यांना जमत नाही. परवापर्यंत चांगली गाडी होती, ह्यानं हात लावला आणि बसली, असं ते कुंपणापलीकडच्या बाळासोला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत होते. शेवटी म्हणाले, “तरी मी म्हनत हुतो सांगलीला न्यावी. तुमच्या लोकांस्नी...”

वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. पुढचं अंगणात सगळ्यांना कळलं. गाडीखाली धोंडिरामकाकांचे पाय क्षणभर हलायचे थांबले.

बाहेर येऊन ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. चावी फिरवली, थांबले, पुन्हा फिरवली. मीटरच्या काचेमागे एक बारीक लाल दिवा उघडझाप करत होता.

“सुभेदार, बिघाड गाडीत न्हाई,” ते म्हणाले. “गाडी चावीला वळखंना झालीया.”

मी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

चावीच्या मुठीत बारीक चिप असते, तिची खूण पटली तरच गाडी सुरू होते, असं ते आबांना सांगत होते. मला सांगायची गरज नव्हती. मी फिजिक्सची पदवीधर. धातूच्या आवरणातून लहरी जात नाहीत, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आणि आदल्या संध्याकाळी, गेल्या महिन्यात तापात फिट आलेल्या माझ्या लेकराला म्हसवडचा नवससुद्धा पुरणार नाही असं वाटून, शेजारणीनं दिलेला तांब्याचा ताईत मीच सोडवून सपाट केला होता. बाळाच्या अंगावर तो घरात दिसला असता, म्हणून चावीच्या मुठीभोवती गुंडाळून वरून चामड्याचं कव्हर चढवलं होतं. ह्याच गाडीला सासूबाईंनी बांधलेलं लिंबू-मिरची मी हसत हसत सोडून टाकलं होतं. “अवो आत्या, शिकल्या-सवरल्या घरात हे कशाला?” असं मी वर म्हणाले होते.

“ताई, दुसरी चावी हाय का?”

ती कपाटात होती. माझ्या साड्यांखाली. ती आणली तर पहिलीचं कव्हर सगळ्यांसमोर उघडलं जाणार.

“यांच्याकडं राहिली,” मी म्हणाले. नवरा जम्मूला असतो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग चावी तळहातावर घेऊन वजन करावं तशी वरखाली केली आणि आमच्याकडे पाठ करून कव्हर उतरवलं.

धोंडिरामकाकांच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतल्यावर घरातले गंडेदोरे गोळा करून येरळा नदीत सोडले होते. काका अभिमानानं ही गोष्ट सांगत.

गाडी एका फटक्यात सुरू झाली.

“काय झालतं?” आबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. पण काकांनीच उत्तर दिलं. “टर्मिनल ढिलं ऱ्हायलं व्हतं, सुभेदार. माझंच चुकलं.”

“बघ,” आबा बाळासोला म्हणाले.

हत्यारं पिशवीत भरून ते पायरीशी आले, बाळाचा गाल बघितल्यासारखं केलं आणि कागदाची पुडी माझ्या हातात दिली. “पाळण्याला बांधा. चावीला नगं.”

“काका, मी सांगते आबांना.”

“नगा. तुमाला हितं नांदायचं हाय.”

मी सांगितलं नाही. वाटेत नाही, देवळात नाही, नंतरही नाही. आबांनी मात्र धोंडिरामची चूक ज्याला त्याला सांगितली.

आता आमची गाडी दुरुस्तीला सांगलीला जाते. पुडी मी अजून उघडलेली नाही. तिच्यावर काकांच्या अंगठ्याचा काळा ठसा आहे. दुकानासमोर गाडी आली की धोंडिरामकाका हातातली वायर खाली ठेवून आधी इंजिनाचा आवाज ऐकतात, मग बाळाकडे बघून हात हलवतात. मी शिवतेजचा हात धरून हलवते. माझा वर होत नाही.