रुद्राणीच्या नावाची नोंद

अंबाजोगाईत विरुपाक्षअप्पांचं औषधांचं दुकान होतं, आणि त्या दुकानात गेलेल्या माणसाला अप्पा औषध देण्याआधी एकच गोष्ट विचारायचे. "रक्तगट कोणता तुमचा?" लोक टर उडवायचे. खोकल्याची बाटली मागावी आणि ह्यांनी रक्त विचारावं! पण ज्यांना ठाऊक होतं ते हसत नसत. अप्पांची थोरली लेक रुद्राणी सत्याण्णव साली पहिल्या बाळंतपणात गेली. ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं, सगळीकडं माणसं धावली, आणि रक्त मिळालं तेव्हा ते द्यायला पोर उरली नव्हती.

त्यानंतर तीन वर्षं अप्पा एसटीनं जिल्हाभर हिंडले. परळी, धारूर, केज, माजलगाव. जिथं ओ निगेटिव्ह माणूस ऐकला तिथं जाऊन त्याचं नाव, पत्ता, शेजारच्या फोनचा नंबर लिहून आणायचे. त्रेसष्ट माणसं जमवली. हे काही सोपं काम नव्हतं बरं! रक्त म्हटलं की भले भले मागच्या दारानं सटकायचे.

दोन हजार एकच्या सुरुवातीला धाकटी वर्षाराणी म्हणाली, "अप्पा, तुमची वही दुकानात कुलुपात राहती. रातच्याला बीडमधी कुणाला गरज पडली तर? ही यादी इंटरनेटवर टाकू." तिनं लातूरला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. अप्पांना पटलं. साइटला लेकीचंच नाव द्यायचं ठरलं, 'रुद्राणी रक्तसेवा'. कितीतरी वर्षांनी मल्लम्मांनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, त्या दिवशी घरात गोड केलं.

आता हे असलं नाव कायमचं विकत मिळत नसतं. नाव नोंदणाऱ्या कंपन्या असतात, त्यांच्याकडं ते आपल्या नावे लिहून घ्यायचं आणि मुदत संपायच्या आत नोंद नवी करायची. चुकलं की नाव मोकळं, मग जो घेईल त्याचं. वर्षाराणीनं पंधरा दिवस घालवून चौकशी केली होती.

"मुंबईची एक कंपनी हाय," ती म्हणाली. "मी तीनदा फोन केला, तीनदा माणसानं उचलला. मालक म्हणून तुमचंच नाव लिहिणार. मुदतीच्या आधी घरी पत्र धाडतात. आणि उद्या आपल्याला दुसरीकडं जायचं म्हणलं तर अडवत न्हाईत, तसं लिहून देतात."

"आणि बसवेशला काय सांगू?" अप्पा म्हणाले. "तू घरचा असून आमी परक्याच्या दारात गेलो म्हणू?"

बसवेशअप्पांचं बीडला टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, तसे तेही इंटरनेटच्या धंद्यात आले. विरुपाक्षअप्पा आणि ते गुरुबंधू. एकाच स्वामींच्या हातून, एकाच सकाळी, आठ-आठ वर्षांच्या दोघांनी लिंगदीक्षा घेतलेली. अप्पांच्या घराण्यात एक रीत होती. गुरुबंधूकडं कागद मागायचा नाही. कागद मागणं म्हणजे गळ्यातल्या लिंगावर संशय घेण्यासारखं. अप्पांच्या वडिलांनी दुकानाची जागा अशाच एका गुरुबंधूकडून नुसत्या शब्दावर घेतली होती, आणि तो शब्द दोन पिढ्या टिकला होता.

वर्षाराणीनं तोंड फुगवलं. पण अप्पांपुढं कुणाचं काय चालणार!

बसवेशअप्पांनी काम हौसेनं केलं. कुठल्या तरी परदेशी कंपनीची जाहिरात त्यांना दिसली होती, तिथं दोन वर्षांसाठी नाव नोंदवलं. नोंदवताना त्यांनी फोन केला. "विरुपाक्ष, हितं मालकाचं नाव विचारतंय बघ. तुझं टाकू का माझं? पत्रं इंग्रजीतून येणार, तुला कशाला ताप?"

अप्पा हसले. "अरे, तुझं-माझं येगळं हाय का काही?"

झालं. एवढंच बोलणं झालं, आणि बसवेशअप्पांनी स्वतःचं नाव टाकलं.

साइट चालली, आणि छान चालली. परळीच्या एका बाळाला रक्त मिळालं, गेवराईच्या एका म्हातारीला मिळालं. दुकानाची फोनलाइन वरचेवर मरायची, म्हणून अप्पांनी पत्रकांवर फोन नंबर न देता फक्त साइटचं नाव छापलं आणि प्रत्येक बसस्टँडवर स्वतः चिकटवलं. लेकीचं नाव भिंतीवर दिसलं की ते दोन मिनिटं तिथं उभे राहायचे.

दोन हजार दोनच्या दिवाळीत बसवेशअप्पा गेले. सकाळी अंघोळीला उठले आणि मोरीतच कोसळले. अप्पांनी समाधीत मूठमाती टाकली आणि घरी येऊन लहान मुलासारखे रडले. बसवेशअप्पांची मुलं पुण्याला, त्यांनी महिन्याभरात इन्स्टिट्यूट बंद करून मशिनी विकून टाकल्या.

त्याआधीच वर्षाराणी म्हणाली होती, "अप्पा, नोंद कोणाच्या नावावर हाय, मुदत कधी संपती, बसवेशकाकांच्या घरी काकूंना विचारा ना. कॉम्प्युटरमधी पत्रं आली असतील."

"तिचं कुंकू पुसून पंधरा दिवस झाले न्हाईत आन् मी जाऊन आमच्या साइटचं विचारू? माणसात हाय का मी? थोडे दिवस जाऊ दे."

थोडे दिवस गेले. मग संक्रांत गेली, शिवरात्र गेली. कंपनीची पत्रं बसवेशअप्पांच्या ईमेलच्या पत्त्यावर येऊन पडत राहिली, आणि तो पत्ता उघडायचा परवलीचा शब्द त्यांच्याबरोबर मातीत गेला होता.

वैशाखात भर दुपारी एक तरुण दुकानात आला. डोकं भादरलेलं, हातात अप्पांचंच पत्रक.

"हे तुमी लावलंय?" त्यानं विचारलं. "वडवणीच्या स्टँडवर व्हतं. मी अंगद."

"मीच. बसा. रक्त पायजे का?"

"पायजे व्हतं. अठरा दिवसांमागं." तो बसला नाही. "माझी बायकू बीडला बाळंत झाली, वनमाला. रक्त थांबंना. ओ निगेटिव्ह. मला हे पत्रक याद आलं. पळत इंटरनेटच्या दुकानात गेलो. त्यानं नाव टाकलं तर पत्ते निघाले. जुगाराचे पत्ते आन् उघड्या बाया. त्याला वाटलं नाव चुकलं. तीन-तीनदा टाकलं. मग दुसऱ्या दुकानात गेलो, थितं बी तेच. दोन घंटे गेले माझे."

अप्पांनी विचारलं, "आणि बाई?"

"गेली. पोरगी हाय." अंगदनं पत्रक काउंटरवर ठेवलं. "जिथं जिथं लावलंय थितनं फाडून टाका सावकार. दुसऱ्या कुणाला पळवू नका."

तो गेल्यावर अप्पांनी वही काढली. बीड शहरातच, त्या दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर, सावित्रीबाई नावाच्या एक शिक्षिका राहत होत्या. ओ निगेटिव्ह. याआधी चारदा, हाक मारताच आलेल्या.

घरात कुणी अप्पांना बोल लावला नाही. वर्षाराणीसुद्धा नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. तिनं परदेशी कंपनीला महिनाभर पत्रं लिहिली. फोन कुणी उचलत नव्हतं. एकदाच दोन ओळींचं उत्तर आलं, की नोंद ज्याच्या नावावर होती त्यानंच बोलावं. ज्याच्या नावावर होती तो माणूस बोलायला नव्हता. मुदत संपून मोकळं झालेलं नाव तिसऱ्यानंच घेतलं होतं. मल्लम्मांनी एकदा विचारलं, "पोरीच्या नावावर काय दिसतंय तिथं?" अप्पा चप्पल घालून दुकानात निघून गेले.

अप्पांना रागवायला माणूस सापडेना. बसवेशवर रागवावं तर तो खरा माणूस होता, एका पैचं पाप त्यानं केलं नव्हतं. त्यानं तर विचारलं होतं, तुझं टाकू का माझं? उत्तर अप्पांनी दिलं होतं. रात्रंदिवस तेच उत्तर त्यांच्या कानात वाजायचं.

शेवटी एक दिवस ते वर्षाराणीला म्हणाले, "लाव त्या मुंबईच्या कंपनीला फोन. मी बोलतो." त्यांनी सगळं विचारलं, एकेक शब्द दोनदा विचारला. मालक कोण? पत्र कुठल्या पत्त्यावर? मी मेलो तर पुढं कोण? कंपनीतला माणूस कंटाळला नाही. म्हणाला, सगळं लिहून पाठवतो, वाचा, मग सही करा. कागद आला. अप्पांनी तो शेजारच्या वकिलाकडून वाचून घेतला. मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं, खाली वर्षाराणीचं. फक्त साइटचं नाव तेवढं कोरं राहिलं. जुनं तर आता मिळणार नव्हतं.

ते कोरं ठेवूनच अप्पा वडवणीच्या गाडीत बसले. बाजाराचा दिवस होता. अंगदचं घर विचारत विचारत गेले. ओसरीवर त्याची आई सुंदरबाई पोरीला मांडीवर घेऊन वाटी-चमच्यानं दूध पाजत होती. अंगदनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

अप्पांनी सगळं सांगितलं. गुरुबंधूचं, कागदाचं, फोनवरच्या त्या उत्तराचं. काही लपवलं नाही. "चूक माझी हाय. बसवेशची न्हाई, कंपनीची बी न्हाई. भिडेपायी मी कागद मागितला न्हाई, आन् घर तुझं बुडालं." मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "नवी साइट काढतोय. आता पक्कं काम हाय. तुझी हरकत नसल तर तिला वनमालाचं नाव द्यावं म्हणतो."

अंगदनं पोरीला आईच्या मांडीवरून उचलून घेतलं.

"माझं रक्त बी-पॉझिटिव्ह हाय. लागलं तर लिहून घ्या, कवाबी येतो," तो म्हणाला. "पर तिचं नाव नगं. ह्या पोरीला आई म्हणून सांगायला माझ्यापाशी तेवढंच उरलंय. त्यावर बी उद्या कुणी पत्ते मांडले तर म्या हिला काय सांगू?"

'माझ्यावर विश्वास ठेव,' हे शब्द अप्पांच्या अगदी ओठावर आले होते. ते त्यांनी गिळले, आणि कोऱ्या जागेचा तो कागद परत खिशात घातला.